सात व्यसनांची यादी आणि ‘मला नियम आहे’



२६ जून जवळ आला की शाळाशाळांतून अमली पदार्थविरोधी दिनाच्या फेऱ्या निघतात. संयुक्त राष्ट्रसंघानं १९८७ मध्ये हा दिवस ठरवला. आमच्या पाठशाळेतही त्या सुमारास ‘सप्त व्यसन’ हा पाठ घेतात. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. मुलं एका सुरात म्हणतात, पाठही करतात. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलानं विचारलं, ‘‘काकू, तंबाखू कितव्या नंबरला येते?’’ शिकवणाऱ्या ताईंनी ‘‘मद्यातच धर,’’ असं सांगून वेळ निभावून नेली. प्रश्न मात्र अगदी रास्त होता. यादीत नसलेली गोष्ट मुलांना कशी शिकवायची? आणि आजवर आपल्या समाजानं, आपल्या महाराष्ट्रानं ती कशी शिकवली? त्यानिमित्तानं जे वाचलं, आठवलं आणि जुळवलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलू. ‘‘आपल्यात असलं काही नसतं,’’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आमच्या नात्यातला एक मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात होता, तेव्हा घरच्यांनी ‘बंगळूरला ट्रेनिंगला गेलाय’ असं सगळ्यांना सांगितलं. तो बरा होऊन आला, पण ‘ट्रेनिंग कसं झालं’ हा प्रश्न त्याला लग्नाकार्यात इतक्यांदा विचारला गेला की त्यानं समाजाच्या कार्यक्रमांना येणंच सोडलं. ज्या वेळी चार माणसांचा आधार हवा होता, त्याच वेळी तो एकटा पडला. म्हणून हा विषय फक्त फळ्यावर लिहायचा नाही. तो आपल्या घरातलाही आहे.

यादीमागची कारणं

सप्त व्यसनं ही आपल्या मुलांसाठीची सगळ्यात जुनी शिकवण. वसुनंदी आचार्यांच्या श्रावकाचारात या सातांचं सविस्तर वर्णन आहे. परंपरेनं प्रत्येक व्यसनाला एक माणूस जोडून दिला. जुगाराला युधिष्ठिर, मांसाला बक राजा, मद्याला यादव, वेश्याव्यसनाला चारुदत्त, शिकारीला ब्रह्मदत्त, चोरीला शिवभूती आणि परस्त्रीला रावण. म्हणजे मुळात ही नुसती यादी नव्हती, त्या सात गोष्टी होत्या. मुलांना गोष्ट सांगायची आणि व्यसन कसं चढतं, घर कसं मोडतं, ते त्यातून दाखवायचं. आपण पुढे गोष्टी गाळल्या आणि यादी तेवढी ठेवली.

कारणंही दिलेली होती. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या आठ मूलगुणांत मद्याचा त्याग आधी सांगितला. अमृतचंद्र आचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात तो का करायचा, हे पायरीपायरीनं मांडलं. मद्य मनाला भूल घालतं, भुललेला माणूस धर्म विसरतो आणि धर्म विसरलेला माणूस न कचरता हिंसा करतो. बघा, ‘पाप लागेल’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. दारू आधी विवेकावर घाला घालते, बाकी सगळं त्याच्या मागून येतं, हे त्यांनी सांगितलं. आज डॉक्टर मेंदूबद्दल जे सांगतात, ते याहून फार वेगळं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती यादवांची गोष्ट. जिनसेन आचार्यांच्या हरिवंशपुराणात ती आहे. मद्यामुळे आणि द्वीपायनाच्या क्रोधामुळे बारा वर्षांनी द्वारका जळेल, असं नेमिनाथ भगवंतांनी सांगितलं. मग काय केलं? नगरातली सगळी दारू बाहेर नेऊन डोंगरात ओतून टाकली. आजच्या भाषेत दारूबंदीच म्हणा ना. द्वीपायन मुनी दूर निघून गेले. सगळ्यांना वाटलं, संकट टळलं. पण ओतलेली दारू कदंबवनातल्या खडकांच्या खळग्यांत साचून राहिली होती. बारा वर्षं संपली अशा समजुतीनं मुनी परत आले. नेमके त्याच सुमारास वनात खेळायला गेलेले राजकुमार तहानेनं व्याकूळ झाले आणि त्यांनी ते पाणी समजून प्यायलं. झिंगलेल्या पोरांनी मुनींना दगड मारले, मुनी कोपले आणि द्वारका जळाली.

ही गोष्ट आपण ‘दारू वाईट’ एवढ्यासाठी सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मोठ्यांनी वस्तू नजरेआड केली, तेवढ्यावर ते निर्धास्त झाले. त्या खळग्यांत काय आहे, हे ती पोरं ओळखू शकली नाहीत. पुढे महाराष्ट्रातही हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं.

यादीत नसलेली तंबाखू आणि अफू

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. तंबाखू यादीत नाही, कारण यादी झाली तेव्हा तंबाखू आपल्या देशात नव्हतीच. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाच्या सरदारानं अकबराच्या दरबारात तंबाखू नेली ती विजापूरहून, म्हणजे आपल्या सांगली-कोल्हापूरच्या शेजारून. जहांगिरानं १६१७ मध्ये धूम्रपानाला बंदीही घातली. ती किती टिकली, ते आपण बघतोच आहोत.

अफूचं दुखणं आपल्या जास्त जवळचं आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. तो व्यापार मारवाडी, गुजराती आणि पारशी पेढ्यांनी केला, आणि त्यात जैन पेढ्याही होत्या. शेठ मोतीशा म्हणजे मोतीचंद अमीचंद यांचं नाव आपण आदरानं घेतो. शत्रुंजयावरची त्यांची टूंक, भायखळ्याचं आदिनाथाचं मंदिर, १८३४ ची मुंबईची पांजरापोळ, सगळीकडे त्यांचा हात होता. तेच मोतीशा जमशेटजी जिजीभाईंबरोबर चीनच्या अफूच्या व्यापारातही होते. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. त्या काळी सरकारच या व्यापारावर शुल्क घेत होतं आणि बाजारात तो राजरोस धंदा होता. पण जनावरांसाठी पांजरापोळ उभी करणाऱ्या माणसालाही त्या पेट्या चीनमधल्या कुठल्या घरात उघडतात, ते दिसत नव्हतं. याच अफूवरून १८३९ ते १८४२ मध्ये युद्धही झालं.

मी कॉमर्सची. त्यामुळे आपल्या शास्त्रातली एक यादी मला सप्त व्यसनांइतकीच मोलाची वाटते. ती आहे पंधरा कर्मादानांची, श्रावकानं करू नयेत अशा धंद्यांची. त्यात रसवाणिज्य आहे, म्हणजे मद्यासारख्या पदार्थांचा व्यापार. विषवाणिज्यही आहे. याचा अर्थ, आपल्या आचार्यांनी फक्त पिणाऱ्याला धरलं नाही, विकणाऱ्यालाही धरलं. आपण मुलांकडून सात व्यसनं पाठ करून घेतो, पण पंधरा कर्मादानं किती पाठशाळांत शिकवतो? मुलगा एवढा भोळा नसतो. दुकानाच्या काउंटरवर काय टांगलंय, ते त्याला पाठशाळेच्या पाठाआधी दिसतं.

अफू घराघरांतही होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कितीतरी बाया तान्ह्या बाळाला अफूची बारीक गोळी चाटवून जात, कारण दहा-बारा तास त्याला सांभाळायला कोणी नसे. त्या आया वाईट नव्हत्या. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती आणि ही गोळी काय करते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुढे बाळंतपणाची रजा, पाळणाघरं आणि आरोग्यसेविका आल्या, तेव्हा ही गोळी मागे पडत गेली. नुसतं ‘देऊ नको’ म्हणून ती सुटली नसती.

दुकानापुढे उभे राहिलेले लोक

महाराष्ट्रात व्यसनाविरुद्ध जाहीर बोलण्याची परंपराही जुनी आहे. पुण्यात दारूच्या दुकानांना परवाने दिले जाऊ लागले, तेव्हा १८८० मध्ये महात्मा फुल्यांनी नगरपालिकेकडे लेखी विरोध केला. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहिले आणि लोकमान्य टिळकांनी त्या चळवळीला बळ दिलं. १९३० च्या सत्याग्रहात तर बायका पुढे आल्या. मुंबईत पदर खोचून त्या परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या. प्रभातफेऱ्यांत मुलं होती, वानरसेना होती. त्या पिढीच्या मुलांना दारू वाईट हे कुणी वेगळं शिकवावं लागलं नसेल. आई दुकानापुढे उभी आहे, हाच त्यांचा धडा होता.

आपल्या समाजातही त्याच काळात बाया शिकू लागल्या होत्या. मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला, सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविका संस्था वाढवली. श्रावकाचार स्वतः वाचून, समजून मुलांना सांगणाऱ्या बायका अशा संस्थांतून तयार झाल्या. आज पाठशाळेत शिकवायला उभी राहणारी ताई त्यांचंच देणं आहे.

स्वातंत्र्य आलं. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात मादक पेयं आणि पदार्थांवर बंदी आणण्याचं धोरण लिहिलं गेलं आणि १९४९ मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला. हेतू चांगलाच होता. पण परमिटं निघाली, हातभट्ट्या निघाल्या. कदंबवनातले खळगे पुन्हा भरले. कायदा लागतोच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बंदीचं काम मुलांशी बोलल्याशिवाय पूर्ण होत नाही.

नेमक्या त्याच वर्षी, १९४९ मध्ये, राजस्थानात सरदारशहर इथं तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी अणुव्रत आंदोलन सुरू केलं. पंथ कुठलाही असो, त्यातली एक गोष्ट आपण सगळ्यांनी घेण्यासारखी आहे. व्यसनमुक्त राहण्याचं व्रत त्यात सगळ्यांसाठी होतं, शिवाय विद्यार्थ्यांसाठी वेगळे नियम होते, शिक्षकांसाठी वेगळे, व्यापाऱ्यांसाठी वेगळे. मुलाला सांगितलं ‘हे करू नकोस’, तर त्याच बैठकीत त्याच्या गुरुजींना आणि दुकानदार वडिलांनाही काही ना काही सोडायला सांगितलं. मुलाला एकट्याला उभं केलं नाही. पुढे आचार्य महाप्रज्ञांनी ‘जीवन विज्ञान’ या नावानं हेच शिक्षण शाळांत नेलं. मन शांत कसं ठेवायचं, राग आला तर काय करायचं, याचा त्यात सराव घेतात.

गर्द आलं तेव्हा

१९८० नंतर मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर आली. आपल्याकडे तिला ‘गर्द’ म्हणू लागले. तोपर्यंत व्यसन म्हणजे दारू, आणि दारू म्हणजे गरिबाच्या वस्तीत, अशी आपली समजूत. गर्द कॉलेजात पोचलं, चांगल्या घरांत पोचलं. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ मध्ये झाला आणि तो लागू झाला १४ नोव्हेंबरला, बालदिनी. योगायोगच असेल, पण मला तो विसरता येत नाही.

अनिल अवचटांनी या मुलांमध्ये फिरून ‘गर्द’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी आर्थिक मदत दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. सुनंदाताई १९९७ मध्ये गेल्या, पण काम थांबलं नाही. मुक्तांगणनं महाराष्ट्राला एक मोठी गोष्ट शिकवली. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आणि उपचार एकट्या माणसाचा नसून अख्ख्या घराचा असतो. बायको, आई, मुलं यांच्याशीही तिथं बोलतात. आमच्या नात्यातल्या त्या मुलाच्या आईनं मला एकदा सांगितलं, ‘‘केंद्रातल्या बाईंनी पहिल्यांदा मला विचारलं, की तुम्ही कशा आहात? तोवर सगळ्यांनी फक्त तो कसा बिघडला एवढंच विचारलं होतं.’’

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. ३१ डिसेंबरच्या रात्री ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत चौकाचौकात दूधवाटप होऊ लागलं. त्यांच्या इतर विचारांशी कुणाचे मतभेद असतील, असोत. पण मुलांना ‘पिऊ नका’ सांगून घरी न पाठवता, त्या रात्री काय करायचं ते त्यांनी मुलांच्या हातात दिलं. ही समज मोठी आहे.

पुडी दाराशी आली

गर्दपेक्षा जास्त घरांत पोचला तो गुटखा. पन्नास पैसे, रुपयाच्या पुड्या, चमचमता कागद, दोरीनं टांगलेल्या माळा. शाळेच्या वाटेवर, पोराच्या खाऊच्या पैशांत बसेल अशी किंमत. महाराष्ट्रानं २००२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, ती न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. दरम्यान २००३ मध्ये केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला. त्यानुसार शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही आणि १८ वर्षांखालच्या मुलाला ती कुठंच विकायची नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानं तर मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. ‘जा रे, काकांसाठी पुडी घेऊन ये’ हे आपल्याकडे किती सहज म्हटलं जायचं, आठवा.

आपल्या भागात हा विषय बोलायला अवघड का, तेही सांगते. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू हे पिढ्यान्‌पिढ्यांचं नगदी पीक. सगळ्याच समाजांच्या शेतकऱ्यांनी ती लावली, त्यात आपलेही आले. १९८१ चं निपाणीचं शेतकरी आंदोलन याच तंबाखूच्या भावासाठी झालं, त्यात गोळीबारात माणसं गेली. ज्या पिकावर मुलांच्या फिया भरल्या, त्याला एकदम विष म्हणणं जड जातं. मी त्या शेतकऱ्याला दोष देणार नाही. पण ऊस, सोयाबीन, भाजीपाला असे पर्याय ज्यांना जमले, त्यांनी बदल केलाही. पंधरा कर्मादानांचा पाठ अशा घरात टोमणा म्हणून सांगू नये. तिथं तो हिशेब मांडून, पर्याय शोधत बोलायचा विषय आहे.

मुलांच्या शिक्षणाचा विचार केला तर या काळातला चांगला प्रयोग म्हणजे ‘तंबाखूमुक्त शाळा’. मुंबईत सलाम बॉम्बे फाउंडेशन २००२ पासून महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर तंबाखूविरुद्ध काम करत आलं आहे, आणि राज्यभर हजारो शाळांनी तंबाखूमुक्तीचे निकष पाळायचा प्रयत्न केला. या निकषांत मला आवडलेली गोष्ट अशी, की ते मुलांपुरते नाहीत. शाळेच्या आवारात शिक्षक, शिपाई, पाहुणा, कुणीच तंबाखू खायची नाही. तिथं मुलं भिंतीवरच्या फलकाबरोबर गुरुजींचा खिसाही बघतात.

भीती घालून काय होतं?

आता थोडे आकडे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळली. त्याच वर्षी सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. त्यात एक गोष्ट अशी होती की ती वाचून मी थांबले. हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन, हा एकच प्रकार असा आहे की ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त आहे. १० ते १७ वयाच्या मुलांत १.७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. या वस्तू दप्तरात असतात, गॅरेजमध्ये असतात. त्या कुठल्याच यादीत नाहीत.

मग शाळेत फुप्फुसाची काळी चित्रं दाखवायची का? अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांनी वर्गात येऊन मुलांना ड्रग्जविरुद्ध शिकवण्याचा ‘डेअर’ हा मोठा कार्यक्रम झाला. गावोगाव गाजला. पुढे अभ्यास झाले, तेव्हा त्या मूळ कार्यक्रमाचा मुलांच्या व्यसनावर फारसा परिणाम झाल्याचं दिसलं नाही. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं जगभरचे अभ्यास एकत्र करून प्रतिबंधाचे मापदंड काढले. त्यांचं सांगणं थोडक्यात असं : नुसती माहिती आणि भीती घालणारी भाषणं उपयोगी पडत नाहीत. उपयोग होतो तो मुलांना सरावानं शिकवलेल्या गोष्टींचा. नाही कसं म्हणायचं, ताण आला तर काय करायचं, मित्रांच्या दबावात कसं उभं राहायचं. आणि आईवडिलांचं मुलांशी जवळचं, मोकळं नातं.

हे वाचताना मला हसूच आलं. ‘नाही’ म्हणायचा सराव? अहो, तो तर आपल्या मुलांना तिसऱ्या वर्षापासून असतो!

‘मला नियम आहे’

विचार करा. वाढदिवसाच्या पार्टीला आपलं लेकरू जातं आणि बटाटावडा समोर आला की म्हणतं, ‘‘मला चालत नाही.’’ सूर्य मावळल्यावर ताट आलं तर म्हणतं, ‘‘माझा रात्री नियम आहे.’’ कुणी हसतं, कुणी आग्रह करतं, पण ते ठाम राहतं. चार मित्र खात असताना एकट्यानं नाही म्हणायचं, आणि तरी मैत्री तोडायची नाही, हे आपली मुलं जेवणाच्या ताटावर शिकलेली असतात. महागडी शिबिरं भरवून लोक जे शिकवू बघतात, त्याची अर्धी तयारी आपल्या स्वयंपाकघरात होते.

पण ही तयारी वाया जाते, ती दोन कारणांनी. पहिलं, आपण नियम देतो पण कारण देत नाही. ‘का?’ विचारलं की ‘आपल्यात नसतं’ म्हणतो. मग मुलगा होस्टेलला गेला, ‘आपल्यात’ सोबत राहिलं नाही, की नियमही गळतो. दुसरं, मोठ्यांनी स्वतःच सवलत काढलेली असते. लग्नाच्या आदल्या रात्री रिसॉर्टवर ‘फक्त मित्रांसाठी’ वेगळं टेबल लागतं, ते घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. दुसऱ्या दिवशी मंडपात आपण त्यालाच स्तोत्र म्हणायला उभं करतो.

इतिहासातून माझ्यापुरता निघणारा अर्थ एवढाच आहे. वस्तू दूर फेकून मुलं वाचली नाहीत, यादी पाठ करूनही वाचली नाहीत. शिकवण टिकलेली दिसते ती जिथं कारण सांगितलं, सराव दिला आणि सांगणाऱ्यानं स्वतःही काही सोडलं, तिथं.

तेव्हा येत्या चातुर्मासात आपापल्या पाठशाळेत काही गोष्टी करून बघू या.

यादीबरोबर सातही गोष्टी सांगू, आणि यादवांची गोष्ट तर नक्की. ‘आजचे खळगे कुठले?’ असं मुलांनाच विचारू. व्हाइटनर, व्हेप, पुडी, तीच सांगतील. ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे, हेही त्यांना सांगू.

‘मला नियम आहे’ हे म्हणायचा सराव नाटुकल्यांतून घेऊ. एक मुलगा आग्रह करणारा, एक नाही म्हणणारा. हसत, न भांडता, न लाजता.

मुलानं चार महिन्यांचा छोटा नियम घेतला, तर घरातल्या एका मोठ्यानंही घ्यायचा. बाबांची सुपारी, आजोबांची तपकीर, आईचं दिवसातून दहा वेळा मोबाईल बघणं. नियम छोटा असो, पण दोघांचा असो. मंदिरात एकाच दिवशी, एकमेकांसमोर.

पंधरा कर्मादानांचा पाठ नववी-दहावीच्या मुलांना शिकवू. उद्या दुकान, शेती, कारखाना तेच चालवणार आहेत.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. कुणाच्या घरी हे दुखणं आलं, तर ‘ट्रेनिंग’ची सबब त्यांना शोधावी लागू नये. सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, डॉक्टर आहेत. पण उपचार घेऊन आलेलं पोर मंदिराच्या पायरीवर दिसलं, तर त्याला ‘‘ये रे, बस,’’ म्हणायचं काम डॉक्टरांचं नाही, आपलं आहे. स्थितीकरण, म्हणजे डळमळलेल्याला पुन्हा स्थिर करणं, हे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी एक आहे. ते फक्त परीक्षेत लिहायला नाही.

तुमच्या पाठशाळेत हा विषय कसा शिकवता, मुलं काय विचारतात, ते मला जरूर सांगा. आणि त्या सहावीतल्या मुलाला उत्तर द्यायचं तर मी असं देईन : बाळा, तंबाखू यादीत नाही. जे तुझा विवेक हिरावून घेतं आणि सोडू म्हटलं तरी सुटत नाही, ते व्यसन. नवीन काही समोर आलं की या कसोटीवर घासून बघ, आणि शंका आली तर घरी येऊन विचार. तुझ्यावर कुणी ओरडणार नाही.

जय जिनेंद्र.